पांढऱ्या खांद्याची टाकी

आबांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, दुकानात टाकीला लाथ मारलेली मी एकदाच पाहिली. ट्रॉलीचा हूक जोडून घ्यायला आलेला एक गडी होता. काळी टाकी त्याच्या वाटेत येत होती, म्हणून त्यानं ती बुटाच्या टाचेनं बाजूला रेटली. आबा काच तोंडावर धरून वेल्डिंग करत होते. त्यांनी काच खाली ठेवली, होल्डर लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवला, आणि त्या माणसाला शिवी न देता, हात न लावता, नुसतं बोट रोखून मागं मागं सरकवत थेट डांबरी रस्त्यावर नेऊन उभं केलं. "हूक दुसरीकडं जोडून घ्या, पावणं," एवढंच म्हणाले. गडी चिडला आणि गावभर सांगत सुटला, की लोणीच्या रस्त्यावरचा वेल्डर टाकीला देव मानतो. ते खरं नव्हतं. आबा देवालाही एवढं जपत नव्हते.

दुकान म्हणजे चार लोखंडी खांबांवर टाकलेला पत्रा आणि मागं आमच्या दोन खोल्या. सकाळी आठला ग्राइंडर सुरू झाला की आईला पिठल्याला फोडणी दिल्याचा आवाज ऐकू येत नसे, नुसत्या वासावर ती चूल सांभाळायची. भाकरीवर लोखंडाचा बारीक काळा कीस बसायचा. तो फुंकून खायची सवय मला अजून आहे. आता किसाचा पत्ता नाही तरी मी भाकर फुंकते आणि माझा मुलगा हसतो. दुकानात दोन जातीच्या टाक्या असायच्या. पुरुषभर उंचीची, पायापासून मानेपर्यंत काळी ती ऑक्सिजनची, तिला सगळे जंबो म्हणत. तिच्यापेक्षा बुटकी, तांबूस रंगाची ती गॅसची. दोघींच्या नळ्या एका कटरला जोडल्या की बोटभर जाडीचा लोखंडी पत्रा भोपळ्यासारखा चिरला जायचा. आबा चौथी शिकलेले. पण टाक्यांच्या बाबतीत त्यांचे नियम ठरलेले. भरलेली असो की रिकामी, टाकी खांबाला साखळीनं बांधलेली हवी. हलवायची तर आधी टोपण घालायचं, मग तिरकी करून बुडाच्या कडेवर फिरवत न्यायची, लोळवायची नाही. चावी हळू उघडायची आणि उघडताना टाकीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. नळीला भेग पडली तर चिंधी बांधायची नाही, नळी फेकायची.

आणि तेल नाही. हा सगळ्यात मोठा नियम. ट्रॅक्टरच्या ग्रीसमध्ये हात घातला असेल तर आबा आधी राखेनं, मग साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, खुंटीवरच्या वेगळ्या फडक्याला पुसायचे आणि मगच ऑक्सिजनच्या चावीला शिवायचे. त्या फडक्यानं आईनं एकदा तवा धरला तर दोन दिवस बोलले नाहीत. भोसरीत ते ज्याच्या हाताखाली शिकले, त्या उस्तादानं घट्ट झालेल्या रेग्युलेटरवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले होते. चावी उघडली आणि त्याच्या तोंडावर जाळ आला. भुवया गेल्या, एक डोळा गेला. "तेल पेटवायला ह्याला काडी लागत न्हाई," आबा म्हणायचे. मी आज पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, जळायला मदत करतो, हे वाक्य मुलं दरवर्षी पाठ करतात आणि पेपरात उतरवून विसरतात. मी ते वाक्य पुस्तकात वाचलं तेव्हा मला त्या न पाहिलेल्या उस्तादाचा डोळा आठवला होता.

खंडेनवमीला सगळ्या दुकानांत हत्यारांची पूजा होते, तशी आमच्याकडंही व्हायची. हातोडे, पाने, ऐरण, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं, शेंदूर लागायचा. टाकीला मात्र फक्त झेंडूची माळ, तीही कमरेच्या खाली, आणि खडूनं काढलेलं स्वस्तिक. दिवा उंबऱ्याबाहेर. लोक हसायचे. आबांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, तर दरवर्षी म्हणायचे, "येवढी मोठी टाकी, आन देवाला लावतो त्यो शेंदूर तिला न्हाई? सवतीची हाय का ती?" तात्यांची बारा एकर बागाईत होती. धाकट्या भावानं शेती सोडून लोखंडात हात काळे केले याचा राग त्यांनी कधी सोडला नाही. त्यात मी कॉलेजात गेले. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेलं मी पहिलं माणूस. पहिली बाई नव्हे, पहिलं माणूस. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. तात्या चारचौघांत विचारायचे, "कालिजात जाऊन करती काय गं नंदा? हवा मोजती का?" मी रसायनशास्त्र घेतलं होतं, त्यामुळं एका अर्थी मोजतच होते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आबांचा दम इतका वाढला, की खाटेवरून मोरीपर्यंत गेले तर परत येईस्तोवर ओठ निळसर व्हायचे. वीस वर्षांचा धूर आणि तितक्याच वर्षांच्या बिड्या. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं आणि मग सांगितलं, की आता घरी ऑक्सिजन लावावा लागेल, रोज, बहुतेक सगळा वेळ. म्हणून आमच्या घरात तिसऱ्या जातीची टाकी आली. माझ्या कमरेएवढी, अंग काळं पण खांदे पांढरे. अशा दोन. एक चालू, एक भरलेली शेजारी. गॅसवाल्याचा माणूस रोज येऊन रिकामी बदलून द्यायचा. पहिल्या दिवशी आबांनी तिच्या पांढऱ्या खांद्यावरून हात फिरवला आणि शिवाला म्हणाले, "ही आपल्यातली न्हाई बरं. ही दवाखान्याची." शिवा आमच्या दुकानातला कारागीर, आबा आजारी पडल्यापासून तोच दुकान बघायचा. त्यानं विचारलं, आतली हवा तर तीच, मग आपलीच का लावू नये? आबांनी अडखळत, चार श्वास घेत सांगितलं, की दुकानातल्या टाकीत आत गंज किती, आधी तिच्यात काय भरलं होतं, कुणी उलटा गॅस सोडला होता का, हे कोण बघतंय? लोखंडाला ते चालतं, माणसाच्या छातीला नाही.

टाकी बदलायला त्यांनी मला शिकवलं, खाटेवर पडल्या पडल्या. हात धू. सील काढ. बाजूला उभी राहा. चावी किंचित उघड, फुस्स झालं की बंद कर, म्हणजे तोंडातली धूळ उडून जाते. मग रेग्युलेटर बसव, वायसर नीट आहे का बघ. साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले तर गळतंय. मग हवा ओली करणाऱ्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी अर्ध्यापर्यंत, आणि हवेचं माप दाखवणारी काचेच्या नळीतली गोळी दोनच्या रेघेवर. दोनच्या वर नेऊ नका असं डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं होतं. अशा रोग्याला जास्त ऑक्सिजन दिला तर तो गुंगतो, श्वास घ्यायचाच विसरतो. खोलीतली चूल आईनं मागच्या छपरात नेली. देव्हारा बाहेरच्या पडवीत गेला. खिडकी दिवसरात्र उघडी, कारण ती हवा गोधडीत, उशीत मुरून बसते आणि मग ठिणगी पडली तर गोधडी भसकन पेटते. नळीनं आबांच्या नाकपुड्या सोलल्या होत्या, तरी खोबरेल लावायचं नाही. आईला हे फार जड गेलं. माणसाचं नाक सोललंय आणि बायकोनं तेल लावायचं नाही, असा नियम तिनं ऐकला नव्हता. पण तिनं तो पाळला. ती बाटली दिवसभर बुडबुड करायची आणि त्या आवाजावर आम्ही मायलेकी कामं करायचो. आवाज बदलला की दोघींचे हात थांबायचे.

आता भेटायला येणाऱ्यांबद्दल लिहिते. हे लिहिताना माझी लेखणी सभ्य राहणार नाही. आजारी माणसाला भेटायला जाणं हा आमच्याकडं सोहळा असतो. येडगावपासून, निमगाव सावापासून माणसं यायची. यायची ती खाटेवरच बसायची. धुळीचे पाय गोधडीवर घ्यायची. आबांच्या थुंकीचं राखेचं भांडं खाटेखाली असायचं, त्याच भांड्यात पाहुणे तंबाखूची पिंक टाकायचे. आणि आई ते भांडं उचलून न्यायची तेव्हा स्वतःच नाक मुरडायचे. एक जण नळी हातात घेऊन, तिच्या नाकातल्या टोकाला बोट लावून बघत होता की हवा खरंच येते का. ते बोट नुकतंच चुना मळून आलेलं. मासवडी झाल्याशिवाय पाहुण्यानं उठायचं नाही, ही आमच्या भागातली रीत, म्हणून आई घामाघूम होऊन मासवड्या थापायची आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून लोक रस्सा भुरकायचे, तेलाच्या बोटांनी आबांचे गाल चोळत म्हणायचे, "लई वाळला रं." बिडी तर मी दाराशी उभी राहून मागून घ्यायची. पोरीनं बिडी मागितली म्हणून एक पाहुणा न जेवता गेला. बरं झालं. आबांच्या आजाराची मला कधी किळस आली नाही. त्यांचा कफ मी हातानं पुसलाय. किळस आली ती धडधाकट माणसांची.

त्या वर्षी नवरात्रात आमच्याकडं घट बसला नाही. घट म्हणजे नऊ दिवस अखंड तेवणारा दिवा, आणि दिवा तर आमच्या घरात चालणार नव्हता. घट तात्यांच्या घरी बसला. तात्यांना ते खुपलं. नवरात्रात घरात दिवा नाही, म्हणूनच भावाला उतार पडत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. ते घाबरले होते हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी मी काही वेगळं केलं नसतं.

खंडेनवमीला माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. पहाटेच टाकीचा काटा बघितला, रात्रीपर्यंत पुरेल इतकी हवा होती, भरलेली दुसरी शेजारी सीलबंद. मी पहिल्या एसटीनं गेले. अडीचला फाट्यावर उतरले तर दुकानासमोर चपलांचा ढीग आणि हवेत धुपाचा वास. धावतच आत गेले. आबा खाटेवर लालबुंद चेहऱ्यानं अर्धवट डोळे मिटून पडलेले. बाटली चुलीवरच्या आधणासारखी खदखदत होती. काचेच्या नळीतली गोळी पार वरच्या टोकाला चिकटलेली. पायथ्याशी आत्या, आबांची बहीण, मशेरीचं बोट दातांवर फिरवत बसलेली. आणि भरलेल्या टाकीपुढं पाट, पाटावर तेलाचा दिवा पेटलेला, शेजारी निखाऱ्यांचं धुपाटणं. टाकीला झेंडूची माळ. तिचं सील काढून टाकलेलं, आणि उघड्या तोंडावर, आतल्या आट्यांपर्यंत, तेलात कालवलेला शेंदूर अंगठ्यानं दाबून भरलेला. तो शेंदूर ओघळून पांढऱ्या खांद्यावर आला होता.

मी पहिल्यांदा दिवा फुंकला. पूजेचा दिवा फुंकरीनं विझवत नाहीत, हे मलाही माहीत आहे. धुपाटणं उचलून अंगणात फेकलं. मग गोळी दोनवर आणली. आत्या किंचाळली, भावाची हवा तोडली म्हणून. चौकशी केली तेव्हा कळलं, की तासाभरापूर्वी तिनंच मायेनं ती कळ पूर्ण फिरवली होती, भावाला जरा जास्त मिळू दे म्हणून. माझी आई दाराच्या चौकटीला धरून रडत होती. तिनं सकाळपासून तात्यांना दोनदा आडून सांगून पाहिलं होतं, पण थोरल्या दिरासमोर तिनं कधी तोंड वर करून शब्द काढलेला नव्हता, आणि तिचं पुटपुटणं कुणी ऐकलं नाही. मी काटा बघितला. जवळजवळ शून्याला टेकला होता. दोनवर चालवली तर तास पण निघणार नव्हता. एकवर आणली तर थोडा जास्त.

तात्या खुर्चीवरून उठले. अजून त्यांना माझ्या दिवा फुंकण्याचा धक्का उतरला नव्हता.

"संपत आली न्हवं? मग ही नवी लाव की."

"ही लावायची न्हाई, तात्या."

"का?"

"तिच्या तोंडाला तुमी तेल लावलंय."

"शेंदूर हाय त्यो."

"कशात कालवलाय?"

मागून कुणीतरी म्हणालं, मग फडक्यानं पुसून घे, एवढं काय. मी सांगितलं, की आट्यांत गेलेलं तेल फडक्यानं निघत नसतं, आणि चावी उघडली की आतला दाब त्या तेलावर येणार, पेटायला काडी लागणार नाही, नळी आबांच्या नाकात आहे. शहाण्या माणसाला एवढं पुरे होतं. पण माझं शहाणपण पोरीच्या तोंडून येत होतं. तात्यांनी पाटावर पूजेला ठेवलेली टाकी उघडायची चावी उचलली आणि टाकीच्या माथ्यावर बसवायला वाकले. मी त्यांच्या हातातून ती ओढली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या चुलत्याच्या हाताला झटका दिला. त्यांच्या बोटांचं तेल माझ्या मनगटाला लागलं, ते बुळबुळीत वाटणं मला अजून जात नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. "बाप मारायला निगालीय ही कालिजवाली," ते सगळ्यांकडं बघून म्हणाले, आणि खोलीतल्या एकानंही त्यांना वेडं म्हटलं नाही.

तेवढ्यात आबा जागे झाले. गोळी खाली आणल्यावर त्यांची गुंगी उतरत होती, हे मला नंतर डॉक्टरीणबाईंनी समजावलं. तेव्हा मला वाटलं, भांडणानं जाग आली. त्यांनी मान वळवली, टाकी बघितली. शेंदूर बघितला. तिच्या तोंडाच्या रोखात मांडी घालून बसलेल्या आत्याकडं बघितलं. मग एकेका शब्दाला एकेक श्वास घालवत म्हणाले, "उगडू नका. आन तिच्या… म्होरनं… हटा." सगळ्यात आधी आत्या हटली, मशेरीची डबी तिथंच टाकून.

तरी तात्या हरले नाहीत. दुकानातली जंबो आणा म्हणाले, हवा ती हवाच. शिवानं मान हलवली. आबांनी त्याला जे सांगितलं होतं ते त्यानं ध्यानात ठेवलं होतं. मी दुकानातल्या फोनवरून गॅसवाल्याला फोन लावला. वाजत राहिला. त्यांच्याकडंही खंडेनवमी, गाड्या धुऊन, हार घालून सगळे घरी गेले असणार. तीनदा लावला. मग मी ठरवलं. टाकी येत नाही तर माणूस न्यायचा. आबांना मंचरला न्यायचं, आहे त्या टाकीसकट, गोळी एकवर ठेवून. तात्या दारात आडवे उभे राहिले. सणाच्या दिवशी आजारी माणूस घराबाहेर काढायचा नाही, वाटेत काही झालं तर जबाबदार कोण, असं त्यांचं सुरू झालं. आणि तेव्हा माझ्या आईनं डोक्यावरचा पदर मागं सारला, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "भावजी, बाजूला व्हा. नंदा सांगती तसं व्हईल." तात्या बाजूला झाले. माझ्यामुळं नाही, तिच्यामुळं.

शेजारचा कांद्याचा टेम्पो शिवानं मागून आणला. टेम्पोवालाही कुरकुरला, गाडी नुकतीच धुऊन पुजली होती, आणि थुंकीच्या भांड्याकडं त्याची नजर सारखी जात होती. मी ते भांडं मांडीवर घेतलं. टाकी आम्ही दुकानातल्या साखळीनं टेम्पोच्या दांड्याला उभी बांधली. शिवाच्या कानावर बिडी होती. मी हात पुढं केला, त्यानं बिडी आणि काडेपेटी दोन्ही रस्त्याकडेला टाकली. आबांना पुढं वाकवून माझ्या खांद्यावर टेकवलं. ओठांची चुंबळ करून हळूहळू श्वास सोडायचा, हे दवाखान्यात शिकवलं होतं. मी त्यांच्या कानात मोजत राहिले. त्यांना नव्हे, मला आधार म्हणून. प्रत्येक खड्ड्याला काटा थरथरायचा आणि खाली येताना मला दिसायचा. अवसरीच्या अलीकडं बाटलीचा आवाज विरळ झाला. एक बुडबुडा, मग थांबून एक, मग नाही. गोळी तळाला बसली. आईनं बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. आबांचे ओठ जांभळे होत गेले, नखं जांभळी झाली, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या, आणि मी मोजत राहिले. मंचरच्या दवाखान्याच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा त्यांची मान माझ्या खांद्यावर पूर्ण सैल पडली होती. पण छाती हलत होती.

ते वाचले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं जगले आणि मी पदवीधर झालेली त्यांनी बघितली. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलवून विचारलं, गोळी वर कुणी नेली होती. मी सांगितलं. "तू खाली आणली नसतीस तर ते झोपेतच गेले असते," त्या म्हणाल्या आणि पुढच्या रोग्याकडं वळल्या. शेंदूर लावलेली टाकी शिवानं दसऱ्यानंतर गॅसवाल्याकडं परत दिली. तिथल्या माणसानं तिचं तोंड बघितलं, हात लावला नाही, बाकीच्या टाक्यांपासून लांब एका कोपऱ्यात ठेवायला लावली आणि तिच्यावर खडूनं मोठी फुली मारली. एवढाच काय तो पुरावा. तात्या मरेपर्यंत सांगत राहिले, की काही झालं नसतं, पोरीनं उगाच तमाशा केला. मला ते खोडून काढता आलं नाही. टाकी पेटली असती तरच मी खरी ठरले असते, आणि मग ते ऐकायला त्या खोलीतलं कोण उरलं असतं? मधल्या साथीच्या वर्षांत लोक टाक्यांसाठी रांगा लावून रडत होते, तेव्हा माझ्या एका सहकाऱ्यानं आपल्या वडिलांच्या टाकीला हार घालून निरांजन ओवाळतानाचा फोटो सगळ्यांना पाठवला. शिकलेला माणूस, गणिताचा. मी त्याला तिथंच सगळ्यांसमोर झापलं. तो आजही माझ्याशी नीट बोलत नाही.

त्या वेळी दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, दवाखान्यात आबा बोलू लागले. पहिलं काय बोलले असतील? "तात्याला काय बोलू नकू. मोठा हाय. आला तर पाया पड." मला इतका संताप आला, की मी उठून व्हरांड्यात गेले. ज्या माणसाच्या नाकाशी तात्या जाळ लावून बसले होते, तोच मला त्यांच्या पाया पडायला सांगत होता. मी काही कबूल केलं नाही. दहाच्या सुमारास तात्या आले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात आपट्याची पानं. रात्रभर झोपले नसावेत, डोळे सुजलेले होते. कॉटपाशी आले, "सोनं घे," म्हणून आबांच्या मुठीत पानं दिली. दोघं भाऊ एकमेकांकडं बघत राहिले. आबांनी डोळ्यांनीच मला खूण केली, पाया पड. तेवढ्यात आबांच्या नाकातली नळी जरा सरकलेली तात्यांना दिसली आणि ती नीट करायला त्यांनी हात पुढं केला. मला त्यांची नखं दिसली. दहाही नखांत शेंदूर, तसाच, तेलकट.

"तात्या, आधी हात धुवा," मी म्हणाले.

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. आबांनी डोळे मिटून घेतले. तात्यांचा हात नळीपासून वीतभर अंतरावर थांबला. मला वाटलं आता शिवी येणार, आणि मी तिची वाट बघत उभी राहिले. त्यांनी स्वतःचे हात उलटे-सुलटे करून बघितले. मग व्हरांड्यातल्या बेसिनकडं गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज आला. परत आले ते धोतराच्या सोग्याला हात पुसत. त्याच सोग्यात तंबाखूची चंची बांधलेली, चुन्याचे पांढरे डाग पडलेले.

"परत धुवा."

ते परत गेले. या वेळी आले ते दोन्ही पंजे छातीपुढं वर धरून, कोपरांवरून पाणी गळत, धोतराला काही लागू न देता. खाटेपाशी येऊन उभे राहिले, आणि भावाच्या नळीला हात लावण्याआधी त्यांनी माझ्याकडं बघितलं.